थकलेले भाडे, छोटा घरमालक आणि समाजवादी भूमिका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाडेकरूंच्या प्रश्नावर समाजवादी चळवळीने आजवर जी बाजू घेतली तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. डोक्यावरचे छप्पर गेले की माणसाचा रोजगार, मुलांची शाळा, रेशनकार्डावरचा पत्ता आणि मतदारयादीतले नाव, सारेच एका दिवसात उखडले जाते. म्हणूनच घर खाली करण्याची नोटीस हातात घेऊन एखादे कुटुंब पक्षाच्या कचेरीत आले की कार्यकर्ता प्रथम त्याच्या पाठीशी उभा राहतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच कचेरीची पायरी दुसऱ्या प्रकारचा माणूसही चढतो. एस.टी.तून निवृत्त झालेला चालक, गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशातून उपनगरात दोन खोल्या बांधणारा कामगार, पतीच्या प्रॉव्हिडंट फंडातून घरामागे एक खोली काढून ती भाड्याने देणारी विधवा. भाडेकरूने दहाबारा महिने भाडे दिलेले नाही, मागितले की 'कोर्टात जा' असे उत्तर मिळते, आणि कोर्टात जाण्याची ऐपत नाही, अशी त्यांची तक्रार असते. या माणसाला आपण काय सांगतो? बहुधा काहीच सांगत नाही. 'मालक' हा शब्द कानी पडताच आपला विचार थांबतो. तो तेथे का थांबू नये आणि तेथून पुढे कोठे जावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कायद्याचा जन्म

भाडे नियंत्रण हे कोणा सरकारच्या दयाबुद्धीतून आलेले नाही. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरातील दारूगोळ्याच्या आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांत हजारो कामगार येऊन दाखल झाले, घरे अपुरी पडली आणि मालकांनी भाडी वाढविली. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या सामान्य गृहिणींनी वस्तीवस्तीतून समित्या उभारल्या आणि १९१५ साली वाढीव भाडे देण्यास संघटितपणे नकार दिला. नोव्हेंबरमध्ये काही कामगारांवर थकबाकीचे दावे लावण्यात आले, तेव्हा हजारोंचा जमाव न्यायालयावर चालून गेला. दावे मागे घ्यावे लागले, आणि डिसेंबरमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भाडी युद्धपूर्व पातळीवर रोखणारा कायदा संमत केला. मुंबईत १९१८ साली आलेला भाडे निर्बंधाचा कायदा त्याच युद्धकालीन टंचाईचे अपत्य होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा तेच घडले आणि १९३९ व १९४४ साली पुन्हा कायदे झाले. त्यांचा वारसा घेऊन १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे धरले गेले. गिरणगावातल्या चाळींतून, पुण्याच्या वाड्यांतून, सोलापूरच्या विणकर वस्त्यांतून लाखो कुटुंबे टिकून राहिली याचे मोठे श्रेय या कायद्याला आहे. पुढे १९७३ साली, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले.

या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की, हा लढा टंचाईचा फायदा घेऊन केलेल्या भाडेवाढीविरुद्ध होता. भाडे मुळीच देऊ नये असे ना ग्लासगोच्या त्या गृहिणींनी म्हटले, ना मुंबईच्या कायद्याने. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टंचाई संपविण्यासाठी सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधावयास हवी होती. ते काम नेटाने झाले नाही. भाडी मात्र गोठलेलीच राहिली. दुरुस्तीला पैसा उरेना, तेव्हा १९६९ साली मुंबईतील जुन्या इमारतींसाठी उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी, प्रमाण भाडे अशा रीतीने गोठवून ठेवणे आता अवाजवी ठरले आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली, आणि पूर्वी गुन्हा असलेली पागडीही कायदेशीर ठरविली.

थोडक्यात, घरे पुरविण्याचे समाजाचे कर्तव्य सरकारने अर्धशतकभर दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले. तो खांदा एखाद्या धनाढ्य चाळमालकाचा असेल तर आपल्याला अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तो नेहमीच तसा असतो काय?

मालक म्हणजे कोण?

दक्षिण मुंबईतील एखाद्या जुन्या चाळीच्या मालकाने घातलेले भांडवल दोन पिढ्यांपूर्वीच वसूल झालेले असते. खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना त्याला पागडीत वाटा मिळालेला असतो, आणि आज त्याचे लक्ष भाड्यावर नसून इमारतीखालच्या जमिनीवर असते. याच्या शेजारी वर उल्लेखिलेला निवृत्त चालक उभा करून पाहा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १,००० रुपये. त्याहून काहीशे रुपये अधिक मिळणाऱ्या माणसाला खोलीचे भाडे हेच म्हातारपणीचे वेतन असते.

हिशेब मांडून पाहू. समजा, खोलीचे भाडे दरमहा ६,००० रुपये आहे आणि १४ महिन्यांचे थकले आहे. म्हणजे ८४,००० रुपये बुडाले. त्या काळात घरपट्टी आणि पाणीपट्टी भरावीच लागली, खोली बांधताना पतपेढीतून कर्ज काढले असेल तर त्याचा हप्ता चुकला नाही, आणि वकिलाची फी पुढे उभीच आहे. दावा चार वर्षे चालला आणि भाडे आलेच नाही, तर केवळ त्या चार वर्षांची थकबाकी २,८८,००० रुपये होते. शेवटी हुकूमनामा हाती आला तरी ज्याच्याकडे जप्त करण्यासारखे काही नाही त्याच्याकडून ती रक्कम वसूल कशी होणार? भांडवलदाराच्या वहीत बुडीत खात्याचे एक पान असते. या माणसाच्या घरात ते पान म्हणजे औषधाची चिठ्ठी असते.

येथे आपल्यापैकी काही जण म्हणतील की मालमत्तेतून येणारे उत्पन्न ते शोषणच. मालक लहान असो वा मोठा. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तरही जुनेच आहे. १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखमालेत फ्रेडरिक एंगल्सने प्रुधाँच्या अनुयायांचे एक समीकरण खोडून काढले होते. कामगाराचे भांडवलदाराशी जे नाते तेच भाडेकरूचे घरमालकाशी, असे ते समीकरण होते. भाडेकरू घरमालकाला आपली श्रमशक्ती विकत नाही; त्यांच्यातील व्यवहार ही दोन नागरिकांमधील साधी देवघेव आहे, असे एंगल्सचे प्रतिपादन होते. यातून त्याने घरमालकांची तरफदारी केली असे मात्र नाही. घरटंचाईचे मूळ उत्पादनव्यवस्थेत आहे, आणि एका मालकाचे भाडे बुडविल्याने ती व्यवस्था तसूभरही हलत नाही, हा त्याच्या विवेचनाचा रोख होता. निवृत्त चालकाच्या खोलीचे भाडे बुडविणे हा वर्गलढा नव्हे, हे समजण्यासाठी आपल्याला परंपरेच्या बाहेर जावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

भाडे थकल्यास काय व्हावे याविषयी १९९९ च्या कायद्याचे कलम १५ अगदी स्पष्ट आहे, आणि प्रत्येक कार्यकर्त्याला ते तोंडपाठ असावयास हवे. भाडेकरू प्रमाण भाडे व कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल, किंवा देण्यास तयार असेल, आणि भाडेकराराच्या इतर अटी पाळत असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडे थकले तर मालकाने आधी लेखी नोटीस दिली पाहिजे. ती पोचल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही, समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने संपूर्ण थकबाकी, तीवर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि पुढे निकालापर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा देता येत नाही. दावा चालू असताना जमा झालेल्या रकमेतून मालकाला पैसे देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मागितलेले भाडे अवाजवी वाटले तर प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी भाडेकरूला अर्ज करता येतो. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि पाणी वा वीज तोडून भाडेकरूला हुसकणे हा गुन्हा आहे.

या तरतुदी शांतपणे वाचल्या तर त्यांत न्यायाचा तोल दिसतो. अडचणीत सापडलेल्या भाडेकरूला सावरण्यासाठी सहा महिन्यांहून अधिक अवकाश मिळतो, आणि मालकाला आपले पैसे व्याजासह मिळण्याची हमी मिळते. मग तक्रार कोठे आहे? तक्रार कायद्याच्या शब्दांत फारशी नाही. ती न्यायालयाच्या तारखांत आहे.

विलंब कोणाच्या पथ्यावर पडतो?

थकबाकीच्या दाव्याची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. समन्स घेण्याचे टाळले जाते. वकीलपत्र दाखल होते, पण कैफियत येत नाही. मग प्रमाण भाड्याचा अर्ज येतो, साक्षीपुरावा लांबतो, एक न्यायाधीश बदलून दुसरे येतात. हुकूमनाम्यानंतर अपील, मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच द्विसदस्य पीठापुढे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. तेथे स्थगिती मिळते. कायद्यात दुसरे अपील नाही, पण उच्च न्यायालयात रिट अर्जाचे दार उघडे असते. ते सर्व संपल्यावर दरखास्त, आणि मग बेलिफ. यांतील प्रत्येक टप्पा आपापल्या जागी न्याय्य आहे. पण सारे टप्पे मिळून जो काळ जातो तो न्याय्य नाही.

या विलंबाचा फायदा भाडेकरूला होतो, असा आपला समज आहे. तो तपासून पाहावयास हवा. मोठ्या मालकाला विलंब मुळीच टोचत नाही. त्याचे वकील कायमचे ठरलेले असतात आणि भाड्याच्या उत्पन्नावर त्याची चूल अवलंबून नसते. किंबहुना मोठे मालक थकबाकी मुद्दाम निर्माण करतात. भाडे घ्यावयास नकार द्यावयाचा, पावती द्यावयाची नाही, आणि काही महिन्यांनी थकबाकीची नोटीस धाडावयाची, ही गिरणगावातील जुनीच युक्ती होय. म्हणून तर चाळीतील जाणती माणसे भाडे मनिऑर्डरने पाठवीत आणि ती परत आल्यावर तिची कुपने ट्रंकेत जपून ठेवीत. भाडे देण्याची तयारी होती याचा तोच पुरावा असे.

छोट्या मालकाचे तसे नाही. दोनतीन वर्षे तारखांना हेलपाटे घातल्यावर त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात. एक म्हणजे खोली आहे त्या स्थितीत एखाद्या दांडग्याला पडेल भावाने विकून टाकणे. नवा मालक कोर्टात जात नाही; तो चार माणसे पाठवितो. दुसरी वाट म्हणजे स्वतःच पाणी तोडणे, कुलूप लावणे, सामान बाहेर काढणे. म्हणजे फिर्यादीचा आरोपी होणे. तिसरी वाट म्हणजे कसेबसे घर मोकळे झाले की पुन्हा कोणाला न देणे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्याच शहरांत शंभरातील २७ हून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत होती. घरे रिकामी राहण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांत सट्टेबाजी मोठी आहे. पण एकदा दिलेले घर परत मिळणार नाही ही भीती त्यांपैकीच एक होय.

जो मालक तरीही घर देतो तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतो. या करारातील माणूस भाडेकरू नसतो, आणि मुदत संपताच त्याला बाहेर काढण्याची वेगळी, जलद तरतूद कायद्यात आहे. त्यानंतरही तो राहिला तर दुप्पट रक्कम भरण्यास पात्र ठरतो. शिवाय जबर अनामत मागितली जाते, आणि तीही दिली तरी माणूस पारखून घेतला जातो. 'चांगला भाडेकरू' कोण? ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याचे आडनाव चालते, ज्याचा धर्म चालतो, जो मांसाहार करीत नाही तो. दलित, मुसलमान, एकटी स्त्री, असंघटित कामगार यांच्या तोंडावर दार बंद होते. एका भाडेकरूने बुडविलेल्या भाड्याची किंमत अशा रीतीने दुसरा, त्याच्याहून दुबळा भाडेकरू मोजतो. विलंब हा भाडेकरूंचा मित्र असल्याचे सांगणाऱ्यांनी या दारांबाहेर उभ्या असलेल्या माणसांना विचारावे.

न देणारा आणि देऊ न शकणारा

भाडे थकविणाऱ्यांत दोन वेगळी माणसे असतात, आणि कायदा त्यांच्यात फरक करीत नाही. एकाला भाडे देता येत नाही. दुसरा देत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि महिन्यामागून महिने पगाराविना गेले. परळ-लालबागच्या चाळीत राहणारा कामगार तेव्हा भाडे कोठून देणार होता? २०२० च्या टाळेबंदीत हेच देशभर झाले. रिक्षाचालक, घरकामगार, हॉटेलातील पोरे, सर्वांची मिळकत एका रात्रीत थांबली.

त्या वेळी सरकारने काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने आदेश काढला की मालकांनी स्थलांतरितांसह सर्व कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि त्यांना घराबाहेर काढल्यास कारवाई होईल. एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना दिली. कोणालाही घराबाहेर काढू नये, हा भाग सर्वस्वी योग्य होता. परंतु ते भाडे शेवटी कोणी द्यावयाचे याचे उत्तर या आदेशांत नव्हते. एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या खर्चाने दिलासा देऊन सरकारने आपली तिजोरी कुलूपबंद ठेवली. दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी त्याच २९ मार्चला जाहीर केले होते की ज्या गरीब भाडेकरूंना भाडे देणे शक्य नाही त्यांचे भाडे सरकार भरील. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून लोक न्यायालयात गेले. २०२१ च्या जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे आश्वासन पाळण्याजोगे असते असे म्हटले. पण सरकारने अपील केले आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. याउलट भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने डिसेंबर २०२० व मार्च २०२१ मधील दोन कायद्यांनी थकलेल्या भाड्यासाठी मिळून सुमारे ४,६०० कोटी डॉलर मंजूर केले. अमेरिकेला जे सुचते ते समाजवादाचा वारसा सांगणाऱ्यांना सुचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

बोजा समाजाने उचलावा

या सर्वांतून निघणारे सूत्र सरळ आहे. भाडेकरू खरोखर अडचणीत असेल तर त्याला छपराखाली ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. योगायोगाने ज्याची खोली त्याने घेतली आहे त्या एकट्या माणसाचे नव्हे. या सूत्रावरून काही मागण्या पुढे येतात.

पहिली मागणी अशी की, कायद्याने छोट्या घरमालकाची वेगळी व्याख्या करावी. ज्याच्या मालकीच्या भाड्याने दिलेल्या खोल्या एकदोनच आहेत आणि ज्याची उपजीविका मुख्यतः त्यांवर चालते तो छोटा मालक. असा भेद करता येणार नाही असे कोणी म्हणू नये. १९९९ च्या कायद्याने भाडेकरूंमध्ये भेद केलेलाच आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये वा अधिक आहे अशा कंपन्या यांना त्याने संरक्षणातून वगळले. मालकांमध्येही सैनिक आणि शास्त्रज्ञ यांना स्वतःच्या राहण्यासाठी घर परत मिळण्याची खास सोय त्याने केली. आकार आणि गरज पाहून भाडेकरूंची वर्गवारी होत असेल, तर मालकांची का होऊ नये?

दुसरी मागणी अशी की, छोट्या मालकाच्या थकबाकीच्या दाव्यात पहिल्या तारखेपासून भाडे न्यायालयात जमा व्हावे, त्यातून त्याला दरमहा रक्कम मिळावी, आणि दाव्याचा व अपिलाचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. त्यासाठी नवे न्यायाधीश नेमावे लागतील. तो खर्च सरकारचा आहे.

तिसरी मागणी थकबाकी साहाय्य निधीची आहे. आजारपण, बेकारी, संप, टाळेबंदी, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू अशा कारणांनी ज्याचे भाडे थकले त्याची न्यायालयाने चौकशी करावी, आणि ठरावीक महिन्यांचे भाडे या निधीतून थेट मालकाला द्यावे. रिकाम्या ठेवलेल्या घरांवर कर बसविला तर असा निधी उभा राहू शकतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणीसाठी खास कर बसविला, त्याचा भार श्रीमंतांच्या घरांवर अधिक ठेवला, आणि १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. आपल्याकडेही मुंबईच्या बी.डी.डी. चाळी १९२० नंतर उभ्या राहिल्या त्या सरकारी पैशातूनच, आणि त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला होता. परकीय सरकारला जे जमले ते स्वकीय सरकारने सोडून दिले. सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे पुरेशी असतील तर निवृत्त चालकाची खोली हा शहरातील गरिबांचा शेवटचा आसरा राहणार नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर करून राज्यांकडे धाडलेला आदर्श भाडेकरार कायदा यापुढे ठेवून पाहावा. दोन महिने भाडे थकले आणि नोटिशीनंतरही भरले नाही की ताबा, ६० दिवसांत निकाल, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट व पुढे चौपट भाडे, असे त्याचे स्वरूप आहे. निकाल लवकर लागावा हे ठीक. पण त्यात मोठ्या कंपनीचा मालक आणि विधवा मालकीण एकाच पंक्तीला बसतात, आणि देऊ न शकणाऱ्या भाडेकरूसाठी निधीची तरतूद नाही. तो घाई करतो. न्याय करीत नाही.

आपल्या या भूमिकेचा बडे मालक गैरफायदा घेतील, अशी शंका प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या मनात येईल. ती निराधार नाही. विधवेला पुढे करून तिच्याआड बिल्डर उभा राहण्याचे प्रकार नवीन नाहीत. पण यावर उपाय छोट्या मालकाला बिल्डरच्या पदरात ढकलून देणे हा नव्हे. आज तो एकाकी आहे म्हणूनच बड्या मालकांच्या संघटनेत जातो. त्याचे रास्त म्हणणे आपण ऐकले तर तो तेथे जाणार नाही.

कार्यकर्त्याचे काम

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. उद्या सकाळी कचेरीत नोटीस घेऊन कोणी आले तर कार्यकर्त्याने काय करावे? त्याने प्रथम विचारावे की मालक कोण आहे आणि त्याच्या किती खोल्या आहेत. नंतर विचारावे की भाडे का थांबले. देता येत नाही की द्यावयाचे नाही? मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर भाडे धनादेशाने वा बँकेमार्फत पाठवून त्याचा पुरावा ठेवावयास सांगावे, आणि समन्स आल्यास ९० दिवसांची मुदत चुकू देऊ नये. मिळकत खरोखर थांबली असेल तर दोघांना समोरासमोर बसवून हप्ते ठरवावेत, लेखी करावेत, आणि दर महिन्याला ते भरले जातात की नाही हे पाहावे. यात पक्षाचा शब्द खर्ची पडतो, म्हणून तो जपून द्यावा.

मिळकत असूनही जो भाडे देत नाही आणि पक्षाच्या नावावर खोली अडवू पाहतो, त्याला स्पष्ट सांगावे की या कामासाठी पक्ष नाही. संघटितपणे, जाहीरपणे, अवाजवी वाढीविरुद्ध भाडे रोखणे हा लढा होय. पगार खिशात ठेवून म्हातारीचे भाडे रोखणे हा लढा नव्हे. आणि मालक कितीही गरीब, कितीही न्याय्य असला, तरी हुकूमनाम्याशिवाय कोणाचे सामान रस्त्यावर पडत असेल, पाणी तुटत असेल, तर कार्यकर्त्याने त्या दारात आडवे उभे राहावे. हा नियम छोट्या मालकालाही पहिल्याच भेटीत समजावून सांगावा, म्हणजे त्याला आपल्याकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही याविषयी भ्रम राहणार नाही.

आपल्या शहरांत आज दोन गरीब माणसे एका खोलीच्या दारात एकमेकांशी भांडत आहेत, आणि ज्याने ही टंचाई मिटवावयाची तो दूर उभा राहून तारखा देत आहे. कार्यकर्त्यांनी त्या भांडणात पंच व्हावे, आणि त्या दोघांनाही बरोबर घेऊन तिसऱ्याच्या दारावर मोर्चा न्यावा.